पाच नंबरची अस्वलीण

पहिल्या रिळात छत्तीस फोटो होते आणि त्यातल्या एकातही अस्वल नव्हतं.

पोरवाल स्टुडिओचे शेठ एकेक फोटो काचेच्या काउंटरवर मांडत होते. चौदा फोटोंत माकडं. नऊ फोटोंत एक बकरी. सहा फोटोंत नुसतं झाड. उरलेल्या सातांत आमच्या वनमजूर इसरू मडावीचं पोट.

"ही बकरी कोणाची?" डॉ. साल्पेकरांनी विचारलं.

"सरपंचाची," इसरू म्हणाला. "एक शिंग मोडलं हाये, दिसत नाही का?"

"आणि हे पोट?"

इसरूनं उभ्याउभ्याच पोट आत घेतलं. "कॅमेरा चालू हाये का नाही, ते पाहून रायलो होतो, सर."

"सात वेळा?"

"खात्री केली."

पोरवालशेठनी फोटो गोळा करून पाकिटात घातले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "बाई, चांगली शाळा सोडून तुम्ही कुठं या लोकांच्या नादी लागलात?"

शाळा मी सोडली नव्हती. शाळाच मला दर एप्रिलमध्ये सोडायची आणि जूनमध्ये पुन्हा धरायची. तालुक्याच्या गावातल्या एका खासगी शाळेत मी कंत्राटावर चित्रकला शिकवत होते. ही बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. त्या उन्हाळ्यात पोरवालशेठच्याच दुकानात एक कागद चिकटवलेला दिसला : 'चित्र काढता येणारी व्यक्ती पाहिजे. जंगलात राहण्याची तयारी हवी.' मला वाटलं, फुलं, पक्षी, फार तर एखादा धबधबा. काम होतं अस्वलांच्या छात्या काढायचं.

आमच्या भागातल्या अस्वलाच्या काळ्या छातीवर एक पिवळट पांढरी खूण असते. कोणाची घोड्याच्या नालेसारखी, कोणाची बेचक्यासारखी. दोन अस्वलांची खूण कधी सारखी नसते. साल्पेकर सर दोन वर्षं कोहका पहाडीवरची अस्वलं या खुणांवरून मोजत होते. त्यांच्या वहीत अकरा अस्वलं होती. मग त्या मार्चमध्ये डोंगराला वणवा लागला, तीन दिवस जळत राहिला, आणि अकरातली किती उरली हे कोणालाच माहीत नव्हतं.

अस्वलाची छाती दिसायची तर अस्वल उभं राहायला हवं. त्यासाठी सर झाडाच्या उंच फांदीला गोणपाटाची पुरचुंडी टांगायचे. आत गूळ, मोहाची फुलं, शेंगदाण्याची पेंड आणि आणखी काहीतरी, जे ते कोणाला सांगत नसत. समोरच्या झाडाला कॅमेरा. समोर काही हललं की कॅमेरा आपोआप खटका ओढायचा. तेव्हा रीळ असायचं, फोटो फ्लॅशमध्ये धुरकट यायचे. त्या धुरकटातून खूण शोधून ती कागदावर स्वच्छ उतरवणं हे माझं काम. त्या पुरचुंडीचा वास माझ्या केसांत असा बसला, की रविवारी घरी जाताना एसटीत माझ्या शेजारची जागा रिकामी राहायची. गर्दीच्या दिवसांत ही मोठी सोय होती.

दुसऱ्या रिळात अस्वल आलं. मागचे पाय फाकवून, दोन्ही हात वर करून, अगदी पाहुण्यांच्या गळ्यात पडायला निघाल्यासारखं. मी सर्वांत चांगली पेन्सिल काढली. मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत माझ्या वहीत आठ छात्या झाल्या.

जळलेल्या डोंगरात अस्वलं कशाला येतील असं मला वाटायचं. इसरूनं दाखवलं. वारुळं भाजून उघडी पडली होती आणि आतली वाळवी, अस्वलांचं आवडतं खाणं, जिवंत होती. काळ्या राखेत ताजी उकरलेली लाल माती जागोजाग दिसायची. कुलूची पांढरी झाडं कमरेपर्यंत काळी झाली होती आणि तेंदूच्या जळक्या बुंध्यांना लाल कोवळी पानं फुटली होती. इसरू तिथून चालताना बोलत नसे. ती आग विझवायला तो तीनही दिवस डोंगरावर होता. त्याच्या तळव्यांची कातडी अजून निघत होती.

पाचवी छाती मला फार आवडली होती. नालेसारखी खूण, पण डावी बाजू मध्येच तुटलेली. काढणाऱ्याचा खडू संपला असावा अशी. मादी होती, पाठीवर पिल्लू. सरांनी आपली जुनी वही काढली, पानं उलटली आणि बराच वेळ एका फोटोवर बोट ठेवून बसले.

"काय झालं, सर?"

"हीच आहे. मार्चच्या सुरुवातीला पाठीवर दोन होती."

त्यांनी वही मिटली आणि गुळाचा हिशेब विचारायला इसरूला हाक मारली.

त्याच आठवड्यात सालईटोल्याच्या फुलवंताबाई कुमरे जिल्ह्याच्या दवाखान्यातून परत आल्या. सालईटोला म्हणजे डोंगराच्या पायथ्याचं गाव. आम्ही राहायचो ती वनखात्याची खोली गावाबाहेरच होती. फुलवंताबाई इसरूच्या काकी, पंचावन्नच्या आसपासच्या, एकट्या राहणाऱ्या. वणवा विझला त्याच्या दुसऱ्या दिवशी अस्वलानं त्यांना डोंगरावर गाठलं होतं. डोक्यावर टाके, डावा गाल शिवलेला, खांदा बांधलेला. सगळं गाव भेटायला गेलं, म्हणून आम्हीही गेलो.

"या, बसा," त्या म्हणाल्या. "मास्तरीणबाई, पाहा, अस्वलानं कशी वेणी घालून देल्ली."

कोणी हसावं की नाही, कळेना. मग त्याच हसल्या आणि गाल दुखला म्हणून थांबल्या.

गाव मात्र हसत नव्हतं. सरपंच रोज वनक्षेत्रपाल ठवकरसाहेबांकडे जाऊन बसायचे. अस्वल पकडा, नाहीतर रस्ता अडवतो. ठवकरसाहेब भला माणूस, घामानं कायम भिजलेला. एके दुपारी आमच्या खोलीवर आले, माठातलं दोन लोटे पाणी प्याले आणि म्हणाले, "पिंजऱ्याची परवानगी मागितली. वरून विचारतात, कोणतं अस्वल? मी काय लिहू, काळं?"

साल्पेकर सर वही चाळत राहिले. बोलले मीच.

"साहेब, फुलवंताकाकींनी ते समोरून पाहिलंय. उभं राहिलं असेल तर छाती डोळ्यांपुढेच असणार. माझ्याकडे आठही छात्यांची चित्रं आहेत. दाखवून बघू."

ठवकरसाहेबांचा चेहरा उजळला. "हे तर फोटोवरून चोर ओळखण्यासारखंच झालं की."

"ओळखलं तर काय कराल?" सरांनी विचारलं.

"पकडून प्राणिसंग्रहालयात. माणसावर हल्ला केलेलं अस्वल पुन्हा जंगलात सोडता येत नाही, डॉक्टर."

साहेब गेल्यावर सर मला म्हणाले, "हेमलताबाई, तुम्ही उत्साही आहात." एवढंच. मला ते कौतुक वाटलं. खरं सांगायचं तर माझ्या चित्रांवरून सरकारी निर्णय होणार, या कल्पनेनं मी खूश होते. शाळेत माझी चित्रं फक्त स्वातंत्र्यदिनाच्या फळ्यावर जायची. मी पहाटे उठून आठही चित्रं मोठ्या कागदांवर पुन्हा काढली, खाली ठळक आकडे घातले.

दुसऱ्या दिवशी फुलवंताबाईंच्या अंगणात खाट टाकली. ठवकरसाहेब, सरपंच, सर, इसरू आणि मी. मी एकेक कागद त्यांच्यापुढे धरत गेले.

"हे?"

"नाही."

"हे?"

"नाही."

चौथ्यापर्यंत त्या नुसतं पाहून मान हलवत होत्या. पाचवा कागद धरला. त्यांचा उजवा हात मांडीवर होता, तो उठला, शिवलेल्या गालापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. पाच वर्षं मी पोरांना चित्रं दाखवत आले होते. न पाहता 'पाहिलं' म्हणणारं पोर मला कळायचं, आणि पाहून 'नाही पाहिलं' म्हणणारंही.

"हे?" मी पुन्हा विचारलं.

"नाही."

सहा, सात, आठ. नाही, नाही, नाही.

"म्हणजे यातलं एकही नाही?" सरपंच म्हणाले.

"यायच्यातलं नव्हतंच. दुसरं होतं. मोठं. आता गेलं असंल कुठं तरी."

ठवकरसाहेबांनी घाम पुसला. "मग मला सगळ्यांत जवळचं कोणतं ते पकडावं लागेल, बाई. गाव ऐकत नाही. उद्या ग्रामपंचायतीत बैठक आहे, पिंजरा तर मागवलाच आहे."

फुलवंताबाई उठून घरात गेल्या. मी कागद गुंडाळले. पण संध्याकाळी मी एकटीच विहिरीवर गेले. त्या एका हातानं दोर ओढत होत्या. मी दोर घेतला.

"काकी, ती पाच नंबरचीच होती ना?"

त्या विहिरीच्या कठड्यावर बसल्या. "तू लय चांगलं काढतेस, पोरी," त्या म्हणाल्या. "इतकं चांगलं नसतं काढलं त बरं झालं असतं."

मी बादली वर घेतली आणि खाली ठेवली. त्या बोलत राहिल्या, माझ्याकडे न पाहता.

"मोहाखालचा पाला म्या जाळला होता. सगळेच जाळते. खालचं साफ झालं का फुलं दिसते. पाणी मारून, काडीनं उकरून पाहूनच निघाली मी. तरी कुठं तरी धग राह्यली. दुपारी वारा सुटला. घरी येऊन भाकर टाकून रायली होती, तर इसरू वरडत धावला, पहाडी लागली म्हणून. मी तव्यावरची भाकर उलटली. काही बोलली नाही. तीन दिवस नाही बोलली."

"कोणालाच माहीत नाही?"

"तुले आता माहीत हाये. चौथ्या दिवशी मी पाहाले गेली. काहून गेली, मलेच नाही समजत. वरच्या दगडांच्या कपारीपाशी पिल्लू पडलं होतं. इतकंसं." त्यांनी एका हातानं अंतर दाखवलं. दुसरा हात बांधलेला होता. "असंच उघडं टाकून कसं यायचं? मी हातानं माती ओढून टाकून रायली होती त्याच्यावर. तेवढ्यात मांगून आली ते. एक पिल्लू पाठीवर होतं. उभी राह्यली, तशी छाती दिसली मले. तू काढली तशीच. तुटकी."

कठड्यावर एक चिमणी येऊन बादलीतलं पाणी पिऊन गेली.

"तिच्या पोराले मीच मारलं, आन मीच पुरून रायली होती," फुलवंताबाई म्हणाल्या. "तिनं काय चुकीचं केलं? आता तिले पिंजऱ्यात नेते म्हणे. मंग पाठीवरच्याचं काय?"

"पण काकी, तिनं आणखी कोणाला मारलं तर?"

"दगडांकडे कोणी गेलंच नाही, त मारंल कोणाले? पाऊस पडेस्तोवर कोणाले जाऊ द्याचं नाही."

"लोक ऐकतील?"

"असं सांगून नाही ऐकणार." त्या उठल्या, हंडा डोक्यावर घ्यायला गेल्या, डोक्यावरचे टाके आठवले, मग कमरेवर घेतला. "तू कोणाले सांगू नको."

"नाही सांगणार."

मी खरंच नाही सांगितलं. सरांनी रात्रीच्या जेवणाला दोनदा विचारलं, काही बिनसलंय का, तर मी डाळीत मीठ जास्त आहे म्हणाले. डाळ त्यांनीच केली होती. ते दुखावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टरवरून पिंजरा आला. ग्रामपंचायतीच्या ओसरीवर गाव जमलं. ठवकरसाहेब डायरी उघडून बसले. माझी वही माझ्या मांडीवर होती आणि मी मनात ठरवत होते, की त्यांनी कोणतंही एक अस्वल बोट ठेवून निवडलं तर मी काय म्हणायचं. आठातल्या कोणावर बोट पडलं तरी मला गप्प बसवणार नव्हतं, एवढंच कळत होतं. ही बैठक मीच ओढवून आणली होती.

सरपंच बोलायला उभे राहिले. त्यांच्या आधी फुलवंताबाई उठल्या.

"मले बोलायचं हाये. बसा तुमी."

सरपंच बसले.

"पहाडीले आग माह्या हातानं लागली," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, वेणीची थट्टा करताना होता तसाच. पाला, पाणी, वारा, भाकर, सगळं सांगितलं. मग कपार आणि पिल्लू. लोक इतके शांत झाले, की ट्रॅक्टरवाल्यानंही इंजिन बंद केलं.

पहिला बोलला तो इसरू.

"काकी, मी तीन दिवस वर होतो."

"माहीत हाये मले."

"माह्या पायाले तेल तूच लावत होती. तवाही नाही बोलली."

"नाही बोलली, बापा."

इसरू उठून ओसरीच्या कडेला जाऊन पाठमोरा उभा राहिला. फुलवंताबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि क्षणभर मला वाटलं, आता त्या खाली बसतील. नाही बसल्या.

"दगडांकडे पावसापर्यंत कोणी जाऊ नका. ते तिकडंच राहते. आन पिंजरा वापस न्या. ते आली नव्हती माह्या घरी, मी गेली होती."

ठवकरसाहेबांनी पेन दोनदा उघडलं, दोनदा बंद केलं. "बाई, हे मला लिहावं लागेल. सगळ्यांसमोर बोललात. केस होईल."

"लिहा ना. कोण नाही म्हणते?"

साहेबांनी लिहिलं. फार हळू लिहिलं. मग साल्पेकर सरांना विचारलं, "डॉक्टर, पिल्लू गेलेली मादी पुन्हा हल्ला करेल?"

"माणूस तिच्या जागी गेला नाही तर सहसा नाही," सर म्हणाले. "ती जागा कुठली हे आता आपल्याला माहीत आहे. मी नकाशावर आखून देतो."

अर्धा तास वाद झाला. सरपंचांचं म्हणणं होतं, की पिंजरा आलाच आहे तर काहीतरी पकडावं. पण दगडांकडे न जाण्याचं गावानं कबूल केलं. मग कोणीतरी मागून विचारलं की पुढच्या वर्षी पाला जाळायचा की नाही, आणि एकदम सगळेच एकमेकांकडे बघायला लागले, कारण त्या ओसरीवर पाला न जाळणारं घर एकही नव्हतं. शेवटी ठरलं की झाडून काढायचा. बायकांनी लगेच सांगून टाकलं, की झाडायला पुरुषही येतील. पिंजरा रिकामाच परत गेला. गावातली पोरं त्यात बसून वेशीपर्यंत गेली.

इसरू काकीशी पुढे कित्येक महिने बोलला नाही. पुढच्या मार्चमध्ये मोह गळायला लागला, तेव्हा एका सकाळी तो खराटा घेऊन तिच्या झाडाखाली गेला आणि झाडायला लागला. ती आली, पाहिलं, आणि म्हणाली, "मुळापासचा राह्यला." तेव्हापासून बोलायला लागले.

त्या जूनमध्ये शाळेनं मला पुन्हा धरलं. पण दर एप्रिलला मी सालईटोल्याला जात राहिले. फुलवंताबाईंवर केस झालीच. कोर्ट आमच्या तालुक्याच्या गावात होतं, म्हणून तारखेला त्या माझ्या घरी उतरायच्या. तीन वर्षांत पाच तारखा पडल्या. दर वेळी त्या पिशवीभर चारोळी आणायच्या आणि माझ्या आईला तिच्या स्वयंपाकातल्या चुका सांगायच्या. आई त्यांची वाट बघायची.

शेवटच्या तारखेला न्यायाधीशांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे?"

"पहिल्यांदाच सांगितलं होतं, साहेब. तुमीच पुन्हापुन्हा बोलावता."

"आणखी काही सांगायचंय?"

"साडेतीनची बस हाये."

थोडासा दंड झाला. तो भरून आम्ही बसस्टँडवर आलो. बस लागली नव्हती. उसाचा रस घेतला, बाकावर बसलो. माझ्या पर्समध्ये पोरवालशेठनी सकाळीच दिलेलं पाकीट होतं. तीन वर्षांत फुलवंताबाईंनी कधी माझ्याकडे अस्वलाचा फोटो मागितला नव्हता आणि मीही दाखवला नव्हता. एकदा शेजारणीनं विषय काढला, तर त्या उठून गेल्या होत्या.

"काकी," मी म्हणाले, "नवीन रीळ आलंय."

त्यांनी उरलेला रस संपवला. मग रसाचा पेला बाकाखाली ठेवला आणि लुगड्याला हात पुसले.

मी फोटो काढून त्यांच्या हातात दिला. पुरचुंडीकडे दोन्ही हात उंच केलेली अस्वलीण; छातीवर नाल, डावी बाजू तुटलेली. या वेळी फोटो चांगला आला होता, पेन्सिलीची गरज नव्हती. पाठीवरच्या राठ केसांत दोन छोटी काळी डोकी वर काढलेली होती.

फुलवंताबाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. मग बोट एका डोक्यावर टेकवलं, दुसऱ्या डोक्यावर टेकवलं.

"दोन?"

"दोन."

"नीट पाहून सांग. माह्या डोळ्याचं काही खरं नाही."

मी नीट पाहिलं. "दोनच आहेत, काकी."

बस लागली. कंडक्टरनं हाक दिली. त्यांनी उठायच्या आधी पुन्हा एकदा मोजलं.